आत्या, हे रीमास्टर्ड आहे!

एकाच चित्रपटाचं संगीत तिसऱ्यांदा विकत घेणाऱ्याची जगात कुणालाही कीव येत नाही. पहिली सीडी, मग ‘विस्तारित आवृत्ती’ आणि आता ही ‘रीमास्टर्ड’, म्हणजे जुनंच ध्वनिमुद्रण नव्याने घासूनपुसून काढलेली. पाकीट फोडलं तेव्हा नेमकी आत्या समोर बसलेली.

“हे आहे ना तुझ्याकडे?”

“हे रीमास्टर्ड आहे, आत्या.”

“म्हणजे वाजवणारे वेगळे?”

“नाही, तेच.”

“चाली बदलल्या?”

“नाही गं.”

“मग जुनी बिघडली का?”

“जुनी उत्तम आहे.”

आत्याने चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला आणि रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरसारखं माझ्याकडे पाहिलं. “बरं, वाजव दोन्ही.”

मी आधी जुनी लावली, मग नवी. नवी सुरू होताच आत्या म्हणाली, “हे मोठं वाजतंय.” मी विजयी मुद्रेने “बघ!” म्हणेपर्यंत तिचं पुढचं वाक्य आलं: “अरे, पण आवाज मीही वाढवून दिला असता. बटण आहे की.”

जे सांगून सांगून ध्वनिअभियंत्यांचे घसे बसले, ते आत्याने सोफ्यावर बसल्या बसल्या सांगितलं. एकच रेकॉर्डिंग एखाद्या डेसिबलने (आवाजाच्या पातळीचं माप) वर वाजलं की कानाला ते ‘मोठं’ वाटत नाही, ‘स्वच्छ’ वाटतं, ‘जिवंत’ वाटतं, आणि हात पाकिटाकडे जातो. म्हणून दोन आवृत्त्यांची तुलना करायची तर आधी पातळी जुळवायची, तीही ०.१-०.२ डेसिबलच्या आत. फूबार या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या रीप्लेगेन या पातळीमापकाने मोजलं तर माझी नवी सीडी जुनीपेक्षा ६ डेसिबल वर निघाली. ती तेवढी खाली आणली, माउस आत्याच्या हातात दिला आणि पाठ करून बसलो. दहा फेऱ्या: ती दोन्हींतली एक लावणार, मी न बघता ओळखणार. निवडलेला तुकडा शेवटच्या प्रसंगाचा, पितळी वाद्यं आणि टिंपनी (वाद्यवृंदातले मोठे नगारे) एकदम अंगावर येतात तो.

दहापैकी नऊ वेळा मी छातीठोकपणे “हे नवं, हे चांगलं” म्हणालो. नऊही वेळा ती जुनी सीडी होती.

आत्या हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, “जाऊ दे, कान थकले असतील.”

कान थकलेले नव्हते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली उघडल्या. जुन्या सीडीचा आलेख डोंगररांगेसारखा, मधे खोल दऱ्या. नव्या सीडीचा आलेख म्हणजे वीट. टिंपनीचा प्रत्येक ठोका वरून रंधा मारल्यासारखा सपाट. याला लिमिटर म्हणतात. आधी सगळं वर ढकलायचं आणि जे टोक छताला टेकेल ते दाबून बसवायचं. नाचाच्या गाण्याला हे एक वेळ चालतं. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा सगळा खेळच एका कुजबुजणाऱ्या व्हायोलिनपासून अख्ख्या वाद्यवृंदापर्यंतच्या अंतरात असतो. सोळा बिटांच्या सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजामध्ये सुमारे ९६ डेसिबलची जागा आहे, आणि हे लोक वरच्या माळ्यावरच दाटीवाटीने राहतात. बरं, अनेक स्ट्रीमिंग सेवा आता सगळ्यांची पातळी सारखी करूनच वाजवतात. म्हणजे मोठेपणा तिथे कापला जातो आणि रंध्याच्या खुणा तेवढ्या उरतात.

पण सगळेच रीमास्टर लबाड नसतात, नाहीतर मी तिसऱ्यांदा फसलो नसतो. सीडीच्या सुरुवातीच्या काळात कंपन्यांनी कित्येकदा हाताला लागेल ती टेप वापरली. त्यात एलपीच्या तबकडीवर खाच कापण्यासाठी केलेली प्रतही असे, सुईने उडी मारू नये म्हणून बास (खर्जाचे स्वर) आवळलेली आणि वरचे स्वर कातरलेली. अशा सीडीनंतर कुणी खरोखर पहिली मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघाल्या ती, शोधून आणली तर फरक आत्यालाही कळेल. तेही सोपं नसतं. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा लेप दमट हवेने चिकट होतो आणि यंत्राच्या हेडला चिकटून किंचाळतो. मग टेप साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास चक्क भाजतात आणि पुन्हा चिकट व्हायच्या आत तिची प्रत काढून घेतात. ॲसिटेटची जुनी टेप मात्र भाजायची नसते.

दुसरं खरं कारण म्हणजे ज्यादा संगीत. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावतात, त्यामुळे तासाभराचं पार्श्वसंगीत छाटूनच यायचं. कधी तर एलपीवरचं संगीत चित्रपटातलं नसायचंच. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’चा १९६१ चा अल्बम हेन्री मॅन्सिनीने खास एलपीसाठी नव्याने वाजवून घेतला होता. चित्रपटातलं मूळ ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून यायला २०१३ साल उजाडलं. अशा ठिकाणी दुसऱ्यांदा पैसे मोजणं मला मान्य आहे. ती वेगळी वस्तूच आहे.

बाकी टेपची खरखर ‘साफ’ केल्याची जाहिरात दिसली की मी सावध होतो. खरखर जाते, पण बहुतेकदा सभागृहाचा श्वासही सोबत घेऊन जाते. शेवटचा स्वर विरत नाही, दार आपटल्यासारखा तुटतो. हेडफोन लावून फक्त तुकड्यांचे शेवट ऐका. आणि सीडीपेक्षा बारकाईची म्हणून विकली जाणारी ९६ किलोहर्ट्झची ‘हाय-रेझ’ फाइल घेतलीत तर तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठले उंच-खालचे स्वर किती आहेत ते दाखवणारं चित्र, काढा. सगळं २२ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सीडीच्याच मर्यादेवर, सुरीने कापल्यासारखं संपत असेल, तर बहुधा सीडीच मोठ्या डब्यात भरून विकली आहे.

हे सगळं विकत घ्यायच्या आधी कळावं, इतकीच माझी मागणी. रीमास्टर कुठल्या टेपवरून केलं, कितव्या पिढीच्या (मूळ, प्रत की प्रतीची प्रत), कुणी, लिमिटर लावला की नाही, हे चार ओळींत मावतं. लोणच्याच्या बरणीवर मीठ किती ते छापतात. इथे चकचकीत वेष्टनावर सोनेरी अक्षरात ‘मूळ टेपवरून’ एवढंच. मूळ कुणाची? माझ्या आजोबांची?

आत्या तोवर सोबतची चोवीस पानी पुस्तिका भिंगाखाली धरून वाचत होती.

“छान काढलीय रे,” ती म्हणाली. “केशभूषा करणारीचंसुद्धा नाव आहे. तुझी ती टेप कुठल्या पानावर आहे?”