शाळेच्या खिडकीवर काय विचारावे

आमच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर अमेरिकेचा विषय निघाला की तो व्हिसाच्या रांगेपाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. परवा मात्र तो एका शाळेच्या फाटकाशी जाऊन अडला, आणि त्याला निमित्त झाला आमचा ह्यूस्टनकर. अकरा वर्षे टेक्सासात नोकरी करून गेल्या दिवाळीत परतलेल्या या मित्राला हे नाव कट्ट्यानेच बहाल केले आहे. त्याच्या मुलीच्या सरकारी शाळेत निम्म्याहून अधिक मुले लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, घरांतली होती, आणि २०२५ च्या जानेवारीनंतर त्यांतले काही पालक मुलांना सोडायला फाटकापर्यंतसुद्धा येईनासे झाले, असे तो सांगत होता. शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे अशा जागी इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी शक्यतो कारवाई करू नये, हे २०११ पासून लेखी असलेले धोरण त्याच महिन्यात मागे घेण्यात आले होते.

अण्णांची हयात विक्रीकर खात्यात गेली असल्यामुळे कागदावर त्यांची श्रद्धा दांडगी आहे. ज्यांच्याजवळ तेथे राहण्याच्या परवानगीचे कागद नाहीत त्यांना भीती वाटणारच, त्यात शाळेने कशासाठी पडावे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

वकीलताईंनी आधी सवालातच दुरुस्ती केली. लॅटिनो म्हणजे बिनकागदाचा, हे समीकरणच चुकीचे आहे, असे त्या म्हणाल्या. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, आणि टेक्सासातल्या कित्येक घराण्यांचे पूर्वज तो मुलूख मेक्सिकोत होता तेव्हापासून तेथे राहत आले आहेत. शिवाय एकाच घरात बाप बिनकागदाचा, आई ग्रीन कार्डवाली आणि मूल जन्माने नागरिक अशी स्थिती असू शकते. त्यामुळे भीती कागद पाहून घरात शिरत नाही. दुसरे म्हणजे, बिनकागदाच्या मुलांना शाळेने घ्यावे की नाही, हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकालात काढलेला आहे.

त्या खटल्याची हकिगत ताईंनी सविस्तर सांगितली. टेक्सासच्या विधिमंडळाने १९७५ मध्ये असा कायदा केला, की देशात कायदेशीर प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी सरकार शाळांना पैसे देणार नाही. त्याचा आधार घेऊन टायलर या गावच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. मजुरी करणाऱ्या बापाला ती परवडणे शक्यच नव्हते. काही मेक्सिकन कुटुंबे न्यायालयात गेली. ती ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांची खरी नावे दडवून कागदोपत्री ‘डो’ हे टोपणनाव लावले गेले, आणि गाजावाजा टाळण्यासाठी न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली. ती कुटुंबे आली ती गाडीत घरचे सामान भरूनच, कारण न्यायालयातूनच आपल्याला सीमेपार धाडतील, अशी त्यांची धास्ती होती. शेवटी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, आणि राज्यघटनेचे समान संरक्षण राज्याच्या हद्दीतल्या प्रत्येक व्यक्तीला आहे, केवळ नागरिकांना नव्हे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. ज्या शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने हा ‘प्लायलर’ खटला ओळखला जातो, त्यानेच पुढे आपण हरलो ते बरे झाले, अशी कबुली दिली. एवढे ऐकून अण्णांनी चहा मागवला. आमच्याकडे ही अर्धी माघार समजली जाते.

गुरुजींचे मात्र समाधान झाले नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे मुख्याध्यापकी केलेल्या या माणसाला निकालापेक्षा शाळाप्रवेशाची खिडकी महत्त्वाची वाटते. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जन्मदाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही. पण ऊसतोडीहून परतलेली बाई पोराला घेऊन आली आणि कारकुनाने मान वर न करता ‘दाखला?’ एवढाच शब्द उच्चारला, की ती मुकाट्याने परत फिरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेव्हा तेथे खिडकीवर काय विचारतात ते सांग, असे त्यांनी ह्यूस्टनकरास फर्मावले.

येथून चर्चेला खरा रंग चढला. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा भाडेकरार, मुलाचे वय आणि लसीकरणाची नोंद, एवढे शाळा मागू शकते; इमिग्रेशनची स्थिती विचारण्याचा तिला अधिकार नाही, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाची, म्हणजे सरकार माणसाला देते त्या ओळख क्रमांकाची, सक्तीही करता येत नाही. पण ह्यूस्टनकराला मिळालेल्या छापील अर्जात त्या क्रमांकासाठी नऊ चौकटी होत्याच. ती जागा कोरी सोडली तरी चालते, हे त्याला ठाऊक होते. शेजारच्या एल साल्वादोरच्या बाईला नव्हते, आणि तो अर्ज तिने आठवडाभर फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. तसेच शाळेत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याचे ड्रायव्हिंग लायसन्स यंत्राखाली धरण्याची पद्धत होती. टेक्सासात कागदांवाचून लायसन्स मिळत नाही, त्यामुळे पालकसभेला येण्याची इच्छा असलेली आई दारातूनच माघारी जाते, आणि शिक्षक नोंद करतात, की पालकांना मुलाच्या अभ्यासाची आस्था नाही. पासपोर्ट किंवा मेक्सिकन वकिलातीचे ओळखपत्र चालेल, अशी एक पाटी दारावर लावली तरी यातले पुष्कळसे निस्तरेल. माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत कामाची सूचना ही होती, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य आहे.

नावाची गोष्ट निघताच सगळेच हसले. स्पॅनिश नावात आधी बापाचे आडनाव येते व मग आईचे. संगणक शेवटचे तेवढे उचलतो, आणि ‘गार्सिया लोपेस’ घरातले मूल नुसते लोपेस होऊन बसते. ह्यूस्टनकराच्या मुलीच्या नावातले वडिलांचे नाव तिचे स्वतःचे दुसरे नाव समजून वर्षभर तिला त्याच नावाने हाक मारली गेली होती, त्यामुळे हे दुःख त्याला मुखोद्गत होते.

भाषेच्या बाबतीत ताई आग्रही होत्या. पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणे ही १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेली जबाबदारी आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. तरीही दहा वर्षांच्या मुलीलाच दुभाषी म्हणून उभे करतात, आणि मग आपल्या भावाच्या वर्तनाची तक्रार तीच आईला उलगडून सांगते. त्यात काय गाळायचे, हेही तीच ठरवते. त्यातही स्पॅनिश दुभाषी आणला की काम भागले असे नाही, कारण ग्वाटेमालाहून आलेल्या अनेक घरांत माम किंवा किचे या माया भाषा बोलतात आणि स्पॅनिश ही त्यांनाही परकीच असते.

इतका वेळ गप्प असलेल्या अण्णांनी आता जो मुद्दा काढला, तो मला टाळता येण्याजोगा वाटला नाही. ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असा फलक शाळेने लावणे हेच मुळी खोटे आश्वासन आहे, असे ते म्हणाले. अधिकारी बसथांब्यावर उभे राहिले, तर मुख्याध्यापक काय करणार? ताईंनी ते मान्य केले. शाळेचा अधिकार फाटकाच्या आत आहे: न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट मागणे, इमिग्रेशन खात्याने स्वतःच सही केलेल्या वॉरंटावर वर्गापर्यंत कोणाला न जाऊ देणे आणि मुलांच्या नोंदी वाटेल त्याच्या हाती न देणे. तेव्हा शाळेने पालकांना नेमके एवढेच, आणि याच्या पलीकडे आपण काही करू शकत नाही, हेही सांगावे. गोड फलकापेक्षा मला हे अधिक सभ्य वाटते.

‘आणि मूल शाळेत असताना घरी कोणी उरलेच नाही तर?’ अण्णांनी विचारले. त्यांचा आवाज एव्हाना उतरला होता.

त्यासाठी एक कार्ड असते, असे ह्यूस्टनकर म्हणाला. मुलाला शाळेतून कोणी न्यायचे, त्यांची नावे आणि फोन नंबर त्यावर लिहितात. त्या वर्षी कार्यालयातल्या बाईने प्रत्येक पालकाला, कोणालाही न वगळता, आणखी दोन विश्वासू माणसांची नावे लिहायला सांगितली होती. एल साल्वादोरच्या त्या शेजारणीने पहिले नाव आपल्या बहिणीचे लिहिले होते. दुसरे ह्यूस्टनकराच्या बायकोचे होते, आणि त्यातले स्पेलिंगही अचूक होते.