परदेशातल्या माणसांना कामधंदा नसतो का?

मुलांना आशिया-ऑस्ट्रेलियातल्या देशांची ओळख करून देणारी चित्रांची पुस्तकं मी बरीच वर्षं चाळतेय आणि माझी तक्रार एकच आहे. त्यातल्या माणसांना कामधंदाच नसतो. जपानी मुलगी किमोनो घालून चेरीच्या झाडाखाली उभी. चिनी मुलगा ड्रॅगनच्या मागे नाचतोय. ऑस्ट्रेलियात तर माणसंच नाहीत, नुसते कांगारू. चुकून एखादा माणूस असलाच तर अंगावर पांढरे पट्टे आणि हातात बूमरँग. बारा महिने सगळ्यांचे सणच चाललेत. कमावतं कोण, रांधतं कोण, घरभाडं कोण भरतं, काही पत्ता नाही.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं एका पोरीनं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, आम्ही काही जणी रविवारी पुस्तकं घेऊन बसतो. पोरं येतात, हवं ते उचलतात, पायरीवर बसून वाचतात. या पोरीची आई विड्या वळते. घरात शिरलं की ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास, आईच्या मांडीवर सूप, बोलता बोलता बोटं चाललेली, नजर आपल्याकडे. तर ही पोरगी किमोनोवालीकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "काकू, हिचे पप्पा काय करतेत ओ?"

पुस्तकात काही उत्तर नव्हतं. खरं तर आमच्याकडे गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की पोरं सगळ्यात आधी हेच विचारतात. पप्पा मागावर जातात का, रिक्षा आहे का, मम्मी विड्या करते का. तेवढं कळलं की मग खेळायला घेतात.

'तोत्तोचान' आमच्याकडे एवढं फिरतं ते यामुळेच, असं मला वाटतं. तेत्सुको कुरोयानागींचं स्वतःच्या बालपणावरचं हे पुस्तक जपानात १९८१ साली आलं. आपल्याकडे चेतना सरदेशमुख-गोसावींचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढलाय. आगगाडीच्या डब्यांतली शाळा सगळ्यांनाच आवडते, ते सोडा. मला त्यातलं व्हायोलिनचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. तोत्तोचानचे वडील व्हायोलिनवादक. दुसरं महायुद्ध चालू आहे, घरात खायची मारामार. अशात त्यांना सांगावा येतो, दारूगोळ्याच्या कारखान्यात येऊन लष्करी गाणी वाजवा. साखर, तांदूळ मिळेल. ते नाही म्हणतात. पोरगी भुकेली आहे, पण वडिलांसाठी संगीत काय आहे हे तिला ठाऊक आहे. या एका प्रकरणात मुलाला युद्धातला जपान जितका कळतो, तितका फुजी पर्वताच्या दहा चित्रांतून कळणार नाही. ज्यांच्या घरी 'या आठवड्याला पगार नाही' हे वाक्य ओळखीचं आहे, त्या पोरांना तर ते समजावूनही सांगावं लागत नाही.

ऑस्ट्रेलियाची दोन पुस्तकं सांगते. एक 'माय प्लेस', नादिया व्हीटली यांचं, चित्रं डॉना रॉलिन्स यांची. जागा एकच. १९८८ पासून दहा-दहा वर्षं मागे जात १७८८ पर्यंत. दर वेळी त्या जागेवर राहणारं एक मूल आपलं घर, शेजारपाजार, आईबाप काय करतात ते सांगतं आणि हातानं नकाशा काढून दाखवतं. सुरुवातीची मुलगी आदिवासी आणि अगदी शेवटची, म्हणजे सगळ्यात जुनी, तीही आदिवासी. मधल्या दोनशे वर्षांत कोण कोण येऊन राहिलं ते आपण पानं उलटत बघायचं. कुणी कुणाची जमीन घेतली यावर भाषण नाही. नकाशे बघितले की कळतं.

दुसरं शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल', २००६ चं. यात एक शब्द नाही, सगळी चित्रं. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परक्या देशात कामाला जातो. तिथली लिपी त्याला वाचता येत नाही, आणि ती मुळात काल्पनिक असल्यामुळे आपल्यालाही येत नाही. पोस्टर चिकटवायचं काम मिळतं तर हा उलटी चिकटवतो, काम जातं. तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना हे पुस्तक द्या आणि गंमत बघा. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. बिनशब्दाचं पुस्तक इथे कुणालाच परकं नाही. (टॅन यांचे वडीलही मलेशियातून ऑस्ट्रेलियात गेलेले.)

माझी एक शिक्षक मैत्रीण म्हणते, "अगं, पण लहान मुलांना रंग, सण, कपडेच आवडतात." आवडतात की. आपल्यालाही सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आवडते. पण उद्या मेलबर्नच्या कुणी सोलापूरवर असं पुस्तक काढलं तर त्यात काय असेल? जत्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज, अंगातली पांढरी बाराबंदी, शेंगाचटणी आणि चादर. चादर असेल, ती विणणारा नसेल. चालेल का आपल्याला?

दुसऱ्यांना कशाला बोला. डॉ. कोटणीस आपल्या गावचे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले, तिथेच लग्न केलं, १९४२ साली तिथेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. आपण मुलांना त्यांची गोष्ट अभिमानानं सांगतो, भैय्या चौकातलं स्मारकही दाखवतो. पण त्या गोष्टीत चीन कुठे असतो? ज्यांच्यावर त्यांनी उपचार केले ते शेतकरी काय पिकवत होते, डॉक्टर काय जेवत होते, चिनी भाषा शिकताना त्यांची कशी फजिती होत असेल? यावर कुणीतरी मुलांसाठी नीट चित्रपुस्तक करायला हवं, आणि ते सोलापूरकरानंच करावं असा माझा हट्ट आहे.

तोवर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट वाचता येतात, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत. 'तोत्तोचान' स्वस्त आहे. 'द अरायव्हल' मात्र महाग पडतं, तेव्हा दोन-तीन घरांनी वर्गणी काढून घ्या. पोरं पानं फाडतील, चिकटपट्टी लावून ठेवा.