आमचं मशीन नाना उठवतात

परवा कोपऱ्यावरच्या दुकानात तेलाचा पाऊच घ्यायला गेलो तर दुकानदारानं सुट्टे मोजता मोजता, वर न बघताच विचारलं, "सर, तुमचं कंप्युटर नाना उठवतेत म्हणं, खरं हाय का?" बाजूला दोघं उभी होती, ती फिस्सकन हसली. मी पाऊच घेतला न् गप निघून आलो, सुट्टे तिथंच राहिले, तेही अजून आणले नाहीत.

(सर म्हणजे मास्तर नव्हे. लातुरात हातात पेन दिसला की माणूस सर होतो. मी अडतीच्या दुकानांचे हिशेब लिहितो.)

झालं असं की मागं एकदा हार्डडिस्क गेली आणि दीड महिन्याची तूर-सोयाबीनची बिलं मी परत एक एक करून मारली. तेव्हा ठरवलं, रोज रात्री 3 वाजता आपोआप बॅकअप. विंडोजमधे ठरल्या वेळी आपोआप काम करून घेणारा टास्क शेड्युलर असतो, त्यात लावलं, कंडिशन्समधे जाऊन 'वेक द कॉम्प्युटर' वर टिक पण केली. लॅपटॉपनं झोपेतून उठायचं, कॉपी करायची, परत झोपायचं. सकाळी बघावं तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आणि मी झाकण उघडलं की मात्र असा टवटवीत उठायचा की जणू रात्रभर माझीच वाट बघत होता.

संध्याकाळी मी डोकं धरून बसलेलो आणि शेजारचे नाना आले. नाना रिटायर कंडक्टर. खुर्ची ओढून पाठीमागं बसले, म्हणजे आता माझ्या मानेवर तंबाखूचा वास पडणार.

"काय करलालाव?"

"मशीन झोपतंय नाना, पण रात्री उठत नाही."

"मंग बंदच करून टाका की."

मी समजावलं, चूक माझीच. म्हटलं स्लीप म्हणजे झोप, हायबरनेट म्हणजे सगळं डिस्कवर लिहून ठेवून गाढ निजणं, आणि शटडाऊन केलं की मग टास्क शेड्युलर काहीही करू शकत नाही.

"म्हणजे डुलकी, गुंगी आन् मयत," नाना म्हणाले.

आता हे चुकीचंही म्हणता येईना.

"आमच्या मुक्कामाच्या गाडीला कोण टायमर लावत होतं? खेड्यात मुक्काम, पाच वाजता गाडी काढायची. डायवर मड्यावानी घोरायचा. त्याला उठवायचो मी. आन् मला कोण उठवायचं?"

"कोण?"

"झोपताना दोन तांबे पाणी. बराब्बर साडेतीनला जाग. जावंच लागतंय ना!" मांडीवर थाप. "ह्याला पाजा दोन तांबे."

मी न हसता कमांडची काळी खिडकी उघडून पॉवरसीएफजी वेकटायमर्स मारलं, म्हणजे मशीनला झोपेतून उठवायचे गजर कुठले लागलेत ते विचारलं. उत्तर आलं, एकही वेक टायमर चालू नाही. म्हणजे मी टिक केली होती ती कुणी ऐकलीच नव्हती. मग पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, स्लीप, अलाव वेक टायमर्स, आणि तिथं लिहिलेलं 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली'. महत्त्वाचे तेवढेच. अपडेटनंतरचं रीस्टार्ट वगैरे महत्त्वाचं, माझी बिलं नाहीत. खरं सांगतो, राग तिथं आला. आयुष्यभर काउंटरवर 'थांबा जरा' ऐकत आलो, आता स्वतःच्या पैशाच्या लॅपटॉपात पण मी रांगेत.

"व्हीआयपी लाईन हाय ती," नाना म्हणाले. "आपलं काम न्हाई."

मी ते 'इनेबल' केलं. पण फक्त 'प्लग्ड इन' ला, 'ऑन बॅटरी' ची ओळ वेगळी असते ते ध्यानातच आलं नाही. शिवाय टास्कमधे 'एसी पॉवर असेल तरच', म्हणजे बॅटरीवर नाही, लाईटवर असेल तरच, ही टिक आधीपासून असते. आणि आमच्याकडं रात्री लाईट जाते, हे काय सांगायची गोष्ट आहे का.

तर त्या रात्री लाईट गेली. सव्वातीनला नानांनी गेट वाजवलं, "सर, पाणी आलंऽऽय!"

आमच्याकडं नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतनं पाणी आलं होतं ह्या गावाला, तेव्हापासून नळाचा आवाज आला की बायामाणसं लग्नघरासारखी पळतात. आणि नाना तसेही त्या वेळेला जागेच असतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे 3:56 ला. त्यांची बहीण तिकडं दिली होती. त्यावर ते कधी बोलत नाहीत, गल्लीतल्या टाक्या भरवतात.

मी अंधारात घागर घेऊन धडपडलो, टेबलाला लागलो, लॅपटॉप उचलून ठेवला तर त्याला जाग आली. तेवढ्यात लाईटही आली आणि चुकलेला टास्क आपोआप सुरू झाला, 'वेळ चुकली तर नंतर चालव' ही टिक नशिबानं बरोबर होती. मी घागर हातात घेऊन कॉपी होताना बघत उभा.

खिडकीतून नाना, "उठलं का?"

"उठलं."

संपलं. सकाळी आठपर्यंत गल्लीभर झालं.

मग मी पेटलो. बॅटरीची ओळ इनेबल, एसीची टिक काढली, सगळं परत तपासलं. परवा रात्री, दुकानातनं आलो त्याच रात्री, मुद्दाम जागा राहिलो. बरोब्बर 3 ला पंखा घुंईऽऽ करून फिरला, कॉपी झाली, थोड्या वेळानं आपलं आपण झोपलं. मला लेकरू पास झाल्यासारखं वाटलं.

सव्वातीनला नाना गेटवर, टाकीची कडी वाजवत. "नळ न्हाई आज. म्हणलं मशीन उठवावं."

"नाना, ते आता स्वतःच उठतंय."

नानांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं. "मंग सांगायचं न्हाई का? मी काय रिकामा हाय?" आणि गेले.

आज पहाटे पाणी येऊन गेलं. सगळ्या गल्लीच्या टाक्या भरल्या. आमच्या घरात 3 वाजता फक्त लॅपटॉप उठला होता. बायको सकाळपासून बोलत नाहीये, अंघोळ अर्ध्या बादलीत उरकली, आणि आता नानांकडं एक हंडा मागायला कोण जाणार ह्यावर आमच्यात चर्चा चालू आहे.