१ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: जिप्सी अमेरिकेला का गेली नाही

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेला पाठवायला दिलेली तुमची मारुती जिप्सी आम्ही अडीच महिने अडकवून ठेवली, विमानाचं तिकीट निघाल्यावर हात वर केले, चाळीस हजार ॲडव्हान्स घेऊन "नुसती गाडी धुतली", आणि २५ वर्षं झालेली कुठलीही गाडी अमेरिकेत नेता येते हे गूगलवर दिसत असताना आम्हाला त्याचा पत्ताच नाही. उत्तर लांबणार आहे. हे वाचणाऱ्यांत तुमच्यासारखे गाडीवेडेच जास्त असतील, आणि त्यातल्या निम्म्यांच्या बोनेटखाली हाच प्रकार असतो.

आधी आमची चूक सांगतो. जूनमध्ये तुमची १९९८ची जिप्सी घोडबंदरहून रबाळ्याला आली, तेव्हा मी गावी होतो. आमच्या पोराने चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला, इंजिन नंबर पाहिला नाही. तो गिअरबॉक्सच्या जोडाजवळ ग्रीस आणि मातीच्या थराखाली होता. मी परत आल्यावर पहिल्या दिवशी बोनेट उघडायला हवं होतं. पावसाळी कामांची गर्दी होती, तुमची गाडी मागच्या शेडमध्ये गेली आणि मी तिच्याकडे थेट जुलैच्या शेवटी वळलो. पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर तुम्ही तिकीट काढण्याआधी निर्णय झाला असता. यात माझ्याकडे सबब नाही. माफ करा.

आता "नुसती धुतली" याबद्दल. अमेरिकेत गाडीबरोबर परदेशी माती गेलेली चालत नाही, बंदरावर सापडली तर गाडी अडवतात. तुमच्या गाडीने माळशेजपासून कोकणापर्यंत काय काय तुडवलंय ते मला तिच्या चासीने सांगितलं. दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये लाल माती इतकी घट्ट बसली होती की प्रेशर गनने नुसती वरची साय निघाली. आत तार घालून, खरवडून, पुन्हा धुऊन, असे दोन माणसांचे तीन दिवस गेले. एका ब्रॅकेटच्या मागे भाताची वाळकी रोपं निघाली, मुळांसकट. मागच्या सीटखालचं सामान, म्हणजे पान्यांचा संच, दोन जेरीकॅन आणि लोणच्याची बरणी, काढून ठेवा म्हटलं त्याचाही तुम्हाला राग आला. पण गाडी ही सामान भरायची पेटी नव्हे. तिथले कस्टमवाले अशा गाडीकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

याच धुलाईत इंजिन नंबर उघडा पडला. आरसीवर १३०० सीसीचं इंजिन, आणि समोर मारुतीच्या जुन्या बलेनो गाडीचं १६०० सीसी. तुम्ही फोनवर "थोडं ट्यूनिंग केलंय" म्हणाला होतात. त्या दोन शब्दांत जवळजवळ ३०० सीसी मावले, सर! काम मात्र सुबक झालंय, हे एक फिटर म्हणून सांगतो. माउंटिंग कुणी केलं ते कळवा, मला त्याला भेटायचंय.

तर २५ वर्षांचा नियम. तो आहेच, पण तो तिथल्या वाहन सुरक्षा खात्याचा, म्हणजे एनएचटीएसएचा. उत्पादनाच्या तारखेपासून २५ वर्षं झाली की तिथली सुरक्षा मानकं त्या गाडीला लागत नाहीत आणि एचएस-७ फॉर्मवर पहिल्या चौकोनात खूण करून काम होतं. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण दुसरं दार ईपीएचं, म्हणजे पर्यावरण खात्याचं, आणि त्यांचा फॉर्म वेगळा, ३५२०-१. तिथे अट २१ वर्षांची आहे, म्हणजे वयात तुमची गाडी सहज बसते. फक्त पुढे लिहिलंय की गाडी मूळ, बदल न केलेल्या अवस्थेत हवी. इंजिन बदललेलं असेल तर ते मूळच्या तोडीचं किंवा नवं आणि ईपीएचं प्रमाणपत्र असलेलं हवं. बलेनोचं हे इंजिन भारतासाठी बनलेलं, तसं प्रमाणपत्र त्याला कुठून असणार? रिव्ह्यूंच्या गर्दीत ही दुसरी अट कुणी लिहीत नाही, कारण बहुतेकांच्या गाड्या मूळ इंजिनावरच जातात.

यावर तुमचा मुद्दा होता की सुझुकीने अमेरिकेत साइडकिक नावाची गाडी विकली, तिच्यातही १६०० सीसीचंच इंजिन होतं. मुद्दा हुशारीचा आहे, मीही त्यावर दोन रात्री घालवल्या. पण प्रमाणपत्र नुसत्या इंजिनाच्या मापाला मिळत नाही. तिथे विकलेल्या त्या इंजिनाला, त्याच्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि कंट्रोल युनिटसकट, ते मिळालेलं असतं, आणि तसा स्टिकर बोनेटखाली असतो. तुमच्या बोनेटखाली चेंबूरच्या वर्कशॉपचा स्टिकर आहे.

सोपा उपाय मी त्याच दिवशी सुचवला होता: मूळ इंजिन परत बसवू. तेव्हा कळलं की ते २०१६ साली कुर्ल्याला भंगारात गेलं. दुसरं १३०० शोधता येईल, पण त्याचा नंबर आरसीवर नाही, म्हणजे न्हावा शेवा बंदरात आपल्याच कस्टमच्या तपासणीत प्रश्न. आरसीवर नोंद करायची तर आरटीओ, आणि हे १६०० सीसी दाखवायला गेलो तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ नोंदीविरुद्ध बदल चालणार नाहीत असा निकाल दिल्यापासून आरटीओ याबाबतीत ऐकून घेत नाहीत. म्हणजे गाडी इकडच्या दारात अडकते आणि तिकडच्याही.

तुम्ही म्हणता त्या मित्राची १५ वर्षं जुनी गाडी गेली ती कॅनडाला. तिथे सुरक्षा मानकांतून सूट १५ वर्षांवर मिळते. देश वेगळा, कायदा वेगळा. अमेरिकेच्या एक वर्षाच्या तात्पुरत्या परवान्याचंही तुम्ही विचारलंत. तो तिथले रहिवासी नसलेल्यांसाठी आहे, गाडी विकता येत नाही आणि वर्षाच्या आत परत आणावी लागते. दोन्ही बाजूंचं भाडं भरून वर्षभर जिप्सी फिरवायची, हा हिशेब तुम्हीच मांडून बघा.

आता तो दुसरा एजंट, ज्याने "फॉर्मवर ओरिजिनल लिहा, बोनेट कोण उघडतंय" असं सांगितलं. खरंच कुणी उघडलं नसतं, शक्य आहे. पण त्या फॉर्मवर सही तुमची असते. नवी नोकरी, नवा व्हिसा, आणि पहिल्याच महिन्यात सरकारी कागदावर खोटं सापडलं तर गाडी तर जाईलच. कागदपत्रं तयार करणारा म्हणून माझं नावही त्यात येतं. मी वीस वर्षं जुन्या गाड्या कंटेनरमध्ये भरतोय, आणि न्हावा शेव्याच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या यार्डात, मला पाहून फाटक उघडतात ते याच कारणाने. तुम्ही याला हात वर करणं म्हणालात. म्हणा.

पैशांचं: चाळीस हजारांपैकी धुलाई आणि मजुरी १३,५०० आणि कागदपत्रांचं काम ४,५००, पावत्यांसह तुम्हाला मेल केलंय. उरलेले २२,००० तुमच्या खात्यात आज सकाळी जमा झाले. बिलात शेडचं भाडं ६,००० धरलं होतं, ते ॲडव्हान्समधून कापलेलं नव्हतं पण मागितलं होतं. ते रद्द. उशीर आमच्यामुळे झाला, त्याचं भाडं तुमच्याकडून घेणं बरोबर नव्हतं.

गाडी मागच्याच शेडमध्ये आहे, बॅटरी काढलेली, टाक्या रिकाम्या. पोरगा दर रविवारी बॅटरी जोडून, अर्धा लिटर पेट्रोल टाकून दहा मिनिटं चालू करतो. तुमचे भाऊ ठाण्यात आहेत म्हणालात. त्यांना आरसी आणि तुमचं पत्र घेऊन कुठल्याही दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पाठवा. लोणच्याची बरणी ऑफिसच्या कपाटात आहे, तीही न्यायला सांगा.