ते खोटं बोलले, आपण काय बोललो?

मंडळी, आधीच सांगून ठेवलेलं बरं. ही पोस्ट डेमोक्रॅट पक्षाच्या बाजूने उभं राहून लिहिलेली आहे. तटस्थ विश्लेषण हवं असेल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं. आणि रिपब्लिकन मित्रांनो, पोस्टमध्ये तुम्हाला आवडेल असं बरंच सापडेल, पण स्क्रीनशॉट काढताना पूर्ण परिच्छेद घ्या, अर्धा नको.

2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालापासून आपल्या अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एकच पालुपद चालू आहे: ट्रम्प धादांत खोटं बोलतो, लोक भुलतात, लोकशाही धोक्यात आहे. तिन्ही गोष्टी मला मान्य. पण 312 विरुद्ध 226 निर्वाचक मतं (इलेक्टोरल व्होट्स) हा निकाल नुसत्या त्यांच्या खोटेपणाने लागलेला नाही. ज्या न्यू जर्सीत बायडन साधारण 16 टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते, तिथे चार वर्षांनी आपल्या उमेदवार कमला हॅरिसबाईंची आघाडी 6 टक्क्यांच्याही आत आली. एडिसनपासून पार्सिपनीपर्यंतची सगळी माणसं एका रात्रीत भाबडी झाली, यावर माझा विश्वास नाही. समोरचा माणूस वस्तू दाखवून, आकडा फेकून बोलत होता, मग तो आकडा खोटा का असेना. आपण विशेषणं वापरत होतो. आनंद, संधी, आशा, 'आम्ही मागे जाणार नाही'. अहो, मागे नाही तर कुठे, कोणत्या रस्त्याने, किती खर्चात?

फिलाडेल्फियातली ट्रम्प-हॅरिस यांची 10 सप्टेंबरची वादचर्चा आठवा. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते ट्रम्प यांचं वाक्य, की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक गावकऱ्यांची कुत्री-मांजरं खातात. ते निखालस खोटं होतं. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन स्वतः रिपब्लिकन, त्यांनीही याला पुरावा नाही म्हणून सांगितलं. त्या अफवेपायी गावात बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. याचं समर्थन कुणी करू नये. पण आपल्या बाजूने काय केलं? मीम बनवले, त्या वाक्याला चाल लावून गाणी केली. साठ हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या गावात चारेक वर्षांत बारा ते वीस हजार हैतीयन माणसं आली. बहुतेक कायदेशीर, कारखान्यांना हवी होती म्हणून आलेली. पण दवाखान्यातली रांग वाढली, घरभाडी चढली, शाळेत दुभाषे कमी पडले. त्या गावकऱ्याला सांगण्यासारखं ठोस काय होतं आपल्याकडे? डिवाइन यांनी राज्याचे पोलीस शाळांवर पाठवले आणि आरोग्यसेवेसाठी 25 लाख डॉलर जाहीर केले. म्हणजे जे उत्तर आपल्या पक्षाने व्यासपीठावरून द्यायला हवं होतं, ते एका रिपब्लिकन गव्हर्नरने दिलं.

त्याच वादचर्चेतला पहिला प्रश्न मात्र कुणाला आठवत नाही. सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी विचारलं होतं की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज अमेरिकन माणसाची आर्थिक स्थिती बरी आहे का. हॅरिसबाईंनी सुरुवात केली ती आपण मध्यमवर्गीय घरात वाढलो इथून. हो नाही, नाही नाही. सगळ्या प्रचाराचा पाया तिथेच खचला असं मला वाटतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

आपली मंडळी वर्षभर सांगत होती, महागाई आटोक्यात आली. आकडा बरोबर होता. जून 2022 मध्ये महागाईचा दर 9.1 टक्के होता, सप्टेंबर 2024 मध्ये 2.4. पण हा दर म्हणजे भाव वाढण्याचा वेग. वेग कमी झाला म्हणून भाव खाली येत नाहीत. जानेवारी 2021 मध्ये 100 डॉलरला येणारं सामान सप्टेंबर 2024 मध्ये 120 च्या वर गेलं होतं आणि तिथेच बसलं होतं. अंडी त्याच काळात डझनाला दीड डॉलरवरून पावणेचार डॉलरच्या वर (यात बर्ड फ्लूचा हात मोठा, पण तेही कुणी नीट सांगितलं नाही). माणूस पावती बघतो, वेग बघत नाही. त्याला 'महागाई कमी झाली' म्हणालात की तो म्हणतो, तुम्ही मला वेड्यात काढताय.

आणि दुसरी गोष्ट याहून मोठी. घरकर्जाचं व्याज महागाई मोजण्याच्या निर्देशांकात धरलेलंच नसतं. 1983 पासून त्याऐवजी, घरमालकाला स्वतःचं घर भाड्याने घ्यावं लागलं असतं तर किती भाडं पडलं असतं, याचा अंदाज धरतात. आता हिशोब करा. चार लाख डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज 3 टक्क्यांनी असेल तर हप्ता महिना 1,686 डॉलर. 7 टक्क्यांनी 2,661. घर तेच, कर्ज तेवढंच, आणि महिन्याला 975 डॉलर जास्त. 2021 मध्ये घर घेतलेला आणि 2023 मध्ये घ्यायला निघालेला, हे दोघे एकाच गल्लीत राहून दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांत राहत होते. तरुण मतदार आपल्यापासून का सरकला याची डझनभर सांस्कृतिक कारणं शोधण्याआधी हा हप्ता मांडून बघा. पक्षाकडे पहिल्या घरासाठी 25 हजार डॉलर मदतीची योजना होती, तीस लाख नवी घरं बांधण्याची घोषणा होती. पण ऑगस्टमध्ये हॅरिसबाईंच्या रॅलीच्या भाषणानंतर (रॅली म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं गाव, सभा नव्हे) चर्चा झाली ती किराणा दुकानदारांच्या नफेखोरीवर बंदी आणण्याची. किराण्याच्या धंद्यात निव्वळ नफा शंभराला दोनेक डॉलर सुटतो. तिथून वीस टक्के भाववाढ कशी काय वसूल करणार होतो आपण?

आयात शुल्काचं तर हसं करून घेतलं. ट्रम्प म्हणत होते पैसे चीन देईल. साफ खोटं. शुल्क भरतो तो माल मागवणारा, म्हणजे अमेरिकेतली कंपनी. माल बंदरात आला की त्याचा कस्टम्स ब्रोकर कागद दाखल करतो, मालाचा कोड लावतो आणि कामाच्या दहा दिवसांच्या आत रक्कम अमेरिकेच्या तिजोरीत जमा करतो. चीनचा त्यात एक छदाम नाही, फार तर तिकडचा कारखानदार भाव थोडा उतरवून देईल. हे इतकं सोपं आहे की कुठल्याही गोदामात उभं राहून, हातात आयातीचा कागद धरून दोन मिनिटांत दाखवता आलं असतं. आपण काय केलं? त्याला 'ट्रम्प सेल्स टॅक्स' नाव ठेवलं आणि कुटुंबामागे वर्षाला 4,000 डॉलर असा आकडा दिला.

यात दोन घोटाळे. सेल्स टॅक्स पावतीवर वेगळा छापलेला असतो, आयात शुल्क दिसतच नाही. ते किमतीच्या पोटात जातं, आणि तेही दुकानातल्या किमतीवर नाही तर आयातीच्या वेळच्या किमतीवर लागतं. दुकानात 100 डॉलरला मिळणारा मिक्सर चीनहून 40 ला आला असेल तर 60 टक्के शुल्क म्हणजे 24 डॉलर, 60 नव्हे. त्यातले किती गिऱ्हाइकावर पडतील, किती दुकानदार सोसेल, किती माल व्हिएतनामकडे वळेल हे मालागणिक बदलतं. आणि तो 4,000 चा आकडा आपल्या बाजूच्याच अभ्यासगटाचा, सर्वात चढ्या शुल्कावर बेतलेला. पीटरसन इन्स्टिट्यूट या अर्थशास्त्रीय अभ्याससंस्थेचा अंदाज 2,600 च्या पुढे होता, तो काय कमी होता? दुसरा घोटाळा जास्त वर्मी लागणारा. ट्रम्पनी चीनवर लावलेलं शुल्क बायडन यांनी काढलं नव्हतं, उलट मे 2024 मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं 25 वरून 100 टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं होतं. वादचर्चेत ट्रम्पनी हेच तोंडावर फेकलं: एवढं वाईट होतं तर काढलं का नाही? मोजक्या मालावरचं शुल्क वेगळं आणि सरसकट सगळ्या देशांच्या सगळ्या मालावरचं वेगळं, हे उत्तर होतं. खरं होतं. दिलं नाही.

टिपांवरच्या कराची गोष्ट बघा. ट्रम्पनी जूनमध्ये लास व्हेगसला टिपा करमुक्त करण्याचं जाहीर केलं. दोन महिन्यांनी त्याच लास व्हेगसमध्ये हॅरिसबाईंनी तेच जाहीर केलं. आपण टाळ्या वाजवल्या. आता 2024 मध्ये एकट्या माणसाला 14,600 डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नव्हताच. येल विद्यापीठाच्या बजेट लॅब या अभ्यासगटाच्या हिशोबाने टिपांवर जगणाऱ्यांपैकी 37 टक्के लोक मुळात प्राप्तिकर भरण्याइतकं कमावतच नव्हते. म्हणजे सर्वात गरीब वाढप्याला या घोषणेतून शून्य मिळणार होतं. त्याचं खरं दुखणं वेगळं आहे. टिपा मिळणाऱ्या नोकरांचं केंद्राचं किमान वेतन तासाला 2.13 डॉलर आहे, 1991 पासून. कमी पडलं तर मालकाने 7.25 पर्यंत भरून द्यायचं असतं, पण तो हिशोब ठेवतो कोण? लास व्हेगस ज्या राज्यात आहे त्या नेवाडात हा प्रश्नच नाही, तिथे टिपा धरून वेतन कापता येत नाही. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनात मात्र 2.13 च चालतं, आणि दोन्ही राज्यं अटीतटीची होती. किमान वेतन वाढवण्याची पुस्ती हॅरिसबाईंनी जोडली होती, पण मथळा झाला तो नकलेचा. भाषण जॉर्जियातल्या अटलांटात, 2.13 हा आकडा फळ्यावर लिहून व्हायला हवं होतं. नेवाडा 2004 नंतर प्रथमच रिपब्लिकनांकडे गेलं ते गेलंच. पुढे जुलै 2025 च्या कायद्यात ती करसवलत आली: वर्षाला 25 हजार डॉलरपर्यंत, 2028 पर्यंत, आणि सोशल सिक्युरिटीची (निवृत्तिवेतनासाठीची) कपात चालूच. श्रेय कुणाचं, सांगायला नको.

सीमेबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी 2024 मध्ये लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांचं सीमेवरचं विधेयक सिनेटमध्ये 49-50 ने अडलं, आणि ते ट्रम्पनी पाडायला लावलं हे खरंच आहे. पण डिसेंबर 2023 मध्ये दक्षिण सीमेवर एका महिन्यात अडीच लाख लोक पकडले गेले होते, जून 2024 मध्ये बायडन यांनी सीमेवर निर्बंध घालणारा एक आदेश काढला आणि सप्टेंबरपर्यंत तो आकडा 54 हजारांच्या आसपास आला. ऐकणारा विचारणारच ना, की हा आदेश वर्षभर आधी का नाही निघाला? याचं उत्तर आपल्या कुठल्याही वक्त्याकडे नव्हतं.

आता जाहिराती. 'त्यांनी टीव्हीवर खोटं दाखवलं, चॅनेलवाल्यांनी थांबवलं का नाही?' असं अजून विचारलं जातं. थांबवता येत नाही. केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराची स्वतःची जाहिरात टीव्ही केंद्राला काटछाट न करता दाखवावी लागते, तसा कायदा आहे. सुपर पॅकची (उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर हवा तेवढा पैसा खर्च करणाऱ्या गटाची) जाहिरात केंद्र नाकारू शकतं. शिवाय मतदानाआधीच्या साठ दिवसांत उमेदवाराला सर्वात स्वस्त दराने वेळ द्यावी लागते, सुपर पॅकला बाजारभाव पडतो. त्यामुळे ज्यांना पुढच्या खेपेला पैसे द्यायचेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा की तोच डॉलर उमेदवाराच्या खात्यात जास्त सेकंद विकत घेतो.

ट्रम्पची ती कैद्यांच्या लिंगबदल शस्त्रक्रियेवरची जाहिरात, जी फुटबॉलच्या सामन्यांमध्ये सारखी यायची, ती कशावर उभी होती? 2019 मध्ये हॅरिसबाईंनी स्वतः भरलेल्या एका प्रश्नावलीच्या उत्तरावर. आपल्याच बाजूच्या फ्यूचर फॉरवर्ड या सुपर पॅकच्या चाचणीत ती पाहिल्यावर कल 2.7 टक्क्यांनी ट्रम्पकडे सरकला, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. उत्तर काय दिलं? फॉक्स वाहिनीवरच्या मुलाखतीत 'मी कायदा पाळीन'. 2019 चं मत आज आहे की नाही, एवढंच लोकांना हवं होतं. फ्रॅकिंगवर (जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) निदान 'बंदी घालणार नाही' एवढं तरी स्पष्ट म्हणाल्या, का बदललं ते तिथेही सांगितलं नाहीच. आणि बायडनपेक्षा काय वेगळं केलं असतं या प्रश्नावर, 8 ऑक्टोबरला 'द व्ह्यू' या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात, काही सुचत नाही असं उत्तर. प्रश्न विचारणारे आपलेच लोक होते हो!

शेवटच्या आठवड्याबद्दल लिहायलाही जिवावर येतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या ट्रम्पच्या सभेत एका विनोदवीराने पोर्तो रिकोला कचऱ्याचं बेट म्हटलं. आयती संधी. दोन दिवसांनी हॅरिसबाई व्हाइट हाऊससमोरच्या मैदानात त्यांचं सर्वात मोठं भाषण करत होत्या आणि त्याच संध्याकाळी बायडन एका व्हिडिओ कॉलवर असं काही बोलले की कचरा हा शब्द ट्रम्पच्या मतदारांना चिकटला. दुसऱ्या दिवशी ट्रम्प ग्रीन बेला कचऱ्याच्या गाडीत बसून फोटो काढत होते. 2016 मध्ये हिलरीबाईंनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना 'वाईट लोकांची टोपली' म्हटलं होतं, त्यानंतर आठ वर्षांत एवढंही शिकलो नाही.

राहिला आपल्या लोकांचा विषय, ग्रीन कार्डाचा. नोकरीच्या आधारावर वर्षाला 1,40,000 ग्रीन कार्डं, त्यात बायको-मुलंही धरायची, आणि ढोबळमानाने कोणत्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणजे 9,800. रांग दशकांची का आहे ते या गुणाकारात आलं. राष्ट्राध्यक्षाला ही मर्यादा बदलता येत नाही, अमेरिकन काँग्रेसलाच (संसदेलाच) येते. जून 2024 मध्ये ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले, पदवीबरोबरच ग्रीन कार्ड देऊ. काही तासांत त्यांच्याच प्रवक्त्यांनी त्याला इतक्या अटी लावल्या की काही उरलं नाही. पण क्लिप आपल्या ग्रुपांवर फिरत राहिली. आता दुसरी बाजू. ती 7 टक्क्यांची मर्यादा काढण्याचं विधेयक 2019 मध्ये सिनेटमध्ये कुणी आणलं? रिपब्लिकन माइक ली आणि कमला हॅरिस यांनी. त्याचं जुळं विधेयक त्याच जुलैमध्ये हाऊसमध्ये (कनिष्ठ सभागृहात) 365 विरुद्ध 65 ने पास झालं, सिनेटने डिसेंबर 2020 मध्ये आपली आवृत्ती पास केली, दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मुदत संपली. अधिवेशनातल्या भाषणात, वादचर्चेत, कुठेही बाईंनी हे काढलं नाही. त्यामुळे पॉडकास्टच्या त्या क्लिपला उत्तर म्हणून फॉरवर्ड करायला आपल्याकडे क्लिपच नव्हती.