माइक तोंडापुढे धरणाऱ्या सगळ्या काकूंनो, जरा वाचा

हळदीकुंकवातून आताच घरी आले. वाणात मिळालेली स्टीलची वाटी अजून पिशवीतच आहे आणि तिळाच्या लाडवाला हात लावायची इच्छा नाही, इतकं डोकं तापलंय.

सोसायटीचा हॉल, चाळीसेक बायका. एका घरची नवी सून, पहिली संक्रांत, काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. एका काकूंनी माइक उचलला आणि थेट तिच्या ओठांना टेकवला. "घे नाव!" पोरगी गप्प. कुणीतरी माइक ओढला, तो स्पीकरकडे वळला आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. हशा. "काहून वो, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजून राहिली का?" तिची बोटं गळ्यातल्या हाराशी इतकी चाळा करत होती की हलव्याचे दोन दाणे सुटून फरशीवर पडले. तीन मोबाइल शूटिंग करत होते.

हीच मुलगी दहा मिनिटं आधी शेवटच्या रांगेत एका आजींना मोबाइलवरचं अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवत होती. न कंटाळता, तीनदा. म्हणजे तिला बोलता येतं. चाळीस जणींसमोर, न सांगता, माइकवर येत नाही.

अबोल असणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द रूढ केले ते स्वभावाची ठेवण सांगायला, दोष दाखवायला नाही. फरक ओळखायचा असेल तर स्वतःलाच विचारा: कोणी बघणार नाही, कोणी हसणार नाही अशी खात्री असती तर मी तिथे गेले असते का? उत्तर "तरी नाही, घरी बरं" असेल तर तो स्वभाव, त्याला हात लावू नका. उत्तर "हो, गेले असते" असेल तर आड येतेय ती भीती. दुसरी खूण रात्री दिसते. अंतर्मुख बाई गर्दीतून येऊन शांत झोपते. घाबरलेली बाई "मी असं का बोलले" हे बारा वाजेपर्यंत उगाळत बसते. एकीतच दोन्ही असू शकतं, पण औषध फक्त भीतीला लागतं.

औषध काय, तर १९२४ सालची गोष्ट बघा. मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईनं पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहानग्याचं काम केलं. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग रोज थोडा जवळ. शेवटी पोरगा सशाला हात लावू लागला. तिनं ससा पहिल्याच दिवशी त्याच्या मांडीवर आदळला नाही! आपण मात्र माइक थेट तोंडात कोंबतो.

घरी करायचं असेल तर वही घ्या. ज्या ज्या प्रसंगांची भीती वाटते ते लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० मार्क द्या. आपल्या नागपूरच्या बर्डी मेट्रो स्टेशनवर अनोळखी माणसाला "लोकमान्य नगरची मेट्रो कुठून?" विचारणं कदाचित २०. दुकानात चार कुर्ते उघडायला लावून एकही न घेता "नको, आवडलं नाही" म्हणणं ४०. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक वाक्य बोलणं ६५. उखाणा माइकवर, ९०. सुरुवात ३०-४० पासून. आठवड्यातून चार-पाच वेळा तीच पायरी, कंटाळा येईपर्यंत. महिन्यातून एकदा केलं तर दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. भीती शिगेला असताना पळून येऊ नका, कारण मेंदू एवढंच शिकतो की पळाले म्हणून वाचले. ती अर्ध्यावर उतरेपर्यंत तिथेच थांबा.

बहुतेक जणी जिथे फसतात ते म्हणजे कुबड्या. मोबाइलमध्ये डोकं घालणं, ओढणी पिळत राहणं, आपल्या वतीनं बोलणारी मैत्रीण सोबत नेणं. कुबडी असेल तर मेंदू श्रेय तिला देतो, भीती जागच्या जागी. म्हणून निघण्याआधी वहीत लिहा, "काय वाईट होईल असं वाटतंय", आणि आल्यावर खाली लिहा, "काय झालं".

एक मात्र ऐका. रात्रीच्या अंधाऱ्या रस्त्याची, मागून येणाऱ्या गाडीची भीती या वहीत घालायची नाही. ती अक्कल आहे. तिथे उजेड, सोबत आणि ११२.

आता उखाणा. घ्यायचाच असेल आणि तिची इच्छा असेल तर आदल्या दिवशी सांगा, पाचवा नंबर द्या, पहिला नको. दोनच ओळी. "वर्धा रोडनं आली मेट्रो, बर्डीला बदलली गाडी, अमुकरावांचं नाव घेते नेसून काळी साडी." आठ-दहा सेकंदांचा खेळ. पहिली ओळ पाठ, बाकी चिठ्ठीवर. चिठ्ठी तळहाताएवढ्या जाड कागदाची, मोठा कागद थरथर चारपट दाखवतो. माइक ओठांपासून चार बोटं लांब, माइकचं तोंड स्पीकरकडे कधीच नाही, म्हणजे शिट्टी वाजत नाही. गुडघे ताठ आवळून उभं राहू नये, चक्कर येते. आणि आवाज कापतो तो बहुधा श्वास कोंडून बोलल्यानं. आधी श्वास सावकाश, लांब सोडायचा, मग सहज आत येऊ द्यायचा आणि तो सोडता सोडता बोलायचं.

कोणीतरी म्हणेलच की याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले, हजारो बायका आल्या होत्या, आणि आजच्या पोरींना दोन ओळी जमत नाहीत? अहो, त्या हजारोंतल्या मंचावरून बोलल्या किती? मूठभर. बाकीच्या ऐकायला आल्या होत्या. त्यांना भित्र्या म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

बरं, काही पोरी धक्का दिल्यावर बोलत्या होतात, हेही खरं. बास, एवढंच मान्य. बाकीच्या दहा जणी पुढच्या वर्षी "डोकं दुखतंय" सांगून घरी राहतात, त्या कोणाला दिसत नाहीत.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या काकू वाईट नाहीत. पोरीची ओटीही त्यांनीच भरली, मायेनंच. त्यांच्या सासूनंही त्यांना असंच उभं केलं असणार, आणि त्यांनी ते निभावलं म्हणून त्यांना वाटतं सगळ्यांना जमतं. त्या मुलीला वाण वाटायचं काम द्यावं हे त्यांना सुचलं नाही, इतकंच. एकेकीच्या हातात वाटी ठेवत, दोन शब्द बोलत ती मुलगी अख्खा हॉल फिरली असती.

आणि भीती सहा महिन्यांहून जास्त टिकत असेल, तिच्यापायी परीक्षा, नोकरी, दवाखाना टळत असेल, तर वहीवर भागवू नका. आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की लोकांना फक्त पागलखाना चौक आठवतो, त्याला काय करणार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलायचीच भीती असेल तर पहिलं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा.

निघताना दारात त्या आजी भेटल्या. "ते पोट्टी गेली का वो? अक्षर मोठं झालं, पण घंटी ऐकूच नाही येऊन राहिली." ती केव्हाच गेली होती.

आता ग्रुप उघडला तर व्हिडिओ आलाय. शिट्टीसकट. खाली सतरा हसऱ्या इमोजी. ज्यांनी टाकलाय त्या ही पोस्ट वाचणारच आहेत. आधी तो उडवा, "फक्त माझ्यासाठी" नाही, "सर्वांसाठी".