घड्याळात पावलं शून्य, आणि आजी तासभर फिरून आलेल्या

विसर पडायला लागलेल्या माणसाच्या फोनवर 'चला, फिरायला निघा' असं नोटिफिकेशन पाठवून त्याच्याकडून व्यायाम होत नाही. मी शिकागोत फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन काम करते. पेशंट बहुतेक पिल्सन आणि लिटल व्हिलेज या इथल्या वस्त्यांमधले, म्हणजे मेक्सिकोहून आलेले आजी-आजोबा. त्यांच्यासाठी निघणारी ॲप्स, घड्याळं, स्मरणपत्रं मी रोज बघते, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

विसर पडायला लागला की जुन्या आठवणींच्या आधी बऱ्याचदा 'थोड्या वेळाने हे करायचंय' हे लक्षात ठेवणं जातं. फोन वाजतो, आजी बघतात, 'हो हो, निघतेच' म्हणतात, तेवढ्यात गॅसवरचं दूध दिसतं आणि फिरणं डोक्यातून साफ निघून जातं. आता ॲपच्या बाजूने बघा. पासवर्ड लक्षात ठेवा, घड्याळ रात्री चार्जिंगला लावा, सकाळी आठवणीने हातात घाला, अपडेट मागितलं तर द्या. जी ताकद कमी झालीय, तिच्याच भरवशावर अख्खी योजना उभी केलेली! मग अहवालात येतं की 'ज्येष्ठांनी ॲप वापरलं नाही'. माझ्या मते हा दोष ज्येष्ठांच्या माथी मारणं अन्याय आहे.

माझ्या एक पेशंट आहेत, मूळच्या मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या. बाहेर बर्फ साचून फूटपाथ निसरडे झाले की त्या सुपरमार्केटमध्ये जाऊन फिरतात. ढकलगाडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि मिरच्यांपासून साबणांपर्यंत एकेक रांग पालथी घालायची. तोल सांभाळायला याहून चांगला आधार मीही सुचवला नसता. पण मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतं आणि दांड्यावरचा हात हलतच नाही. तासभर फिरून आल्या तरी घड्याळात जवळजवळ काहीच नाही. वॉकर वापरणाऱ्यांचं, पाय घासत हळू चालणाऱ्यांचंही हेच होतं. ज्यांच्या प्रत्येक पावलाला शाबासकी हवी, त्यांनाच यंत्र सांगतं की आज तुम्ही काही केलं नाही. आजींनी घड्याळ काढून खणात टाकलं. बरं केलं.

त्यात ते दहा हजारांचं खूळ. हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती. नंतरचा अभ्यास सांगतो की साठीच्या पुढे सहा ते आठ हजार पावलांत बहुतेक फायदा पदरात पडतो आणि त्याच्या आतलं प्रत्येक वाढीव पाऊलही उपयोगाचं असतं.

विसर पडण्याचा प्रश्न या समाजात मोठा आहे. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या मते गोऱ्या ज्येष्ठांच्या तुलनेत लॅटिनो, म्हणजे मेक्सिकोसारख्या लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या घरांतल्या ज्येष्ठांना अल्झायमर किंवा इतर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याचं प्रमाण साधारण दीडपट आहे. मधुमेह, रक्तदाब, कमी शिक्षण, उशिरा होणारं निदान, सगळं त्यात आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये डिमेन्शियाचे आटोक्यात आणता येतील असे १४ धोके मांडले. त्यात मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर बैठं आयुष्य आहे, आणि एकटेपणाही आहे. एकट्याने बघायच्या स्क्रीनवरून व्यायाम शिकवणाऱ्यांनी हे शेवटचं विसरू नये.

आणि ही माणसं आळशी मुळीच नाहीत. मांस कापायच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या खोल्या आवरत, बांधकामांवर आयुष्य गेलंय. 'जन्मभर राबलो, आता बसू द्या' हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पुढे विसर पडायला लागला की घरचेही 'वयच झालंय' म्हणून सोडून देतात. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतात, तसंच. लॉस एंजेलिसमध्ये लॅटिनो ज्येष्ठांसाठी 'कामिनेमोस' नावाचा उपक्रम झाला. हातात पावलं मोजायचं यंत्र होतंच, पण त्याबरोबर गटात बसून 'म्हातारपण आलं म्हणजे बसूनच राहावं लागतं' या समजुतीवर बोलणं होतं. मला हा क्रम पटतो. आधी मन वळवा, मग यंत्र द्या.

आमच्या शिकागोतच, इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड मार्केझ यांनी 'बायलामोस' सुरू केलं. चार महिने, आठवड्यातून दोन वेळा, तासभर नाच: मेरेंगे, चा-चा-चा, बचाता, साल्सा. विसर पडायला लागला तरी शरीराने गिरवलेली लय बऱ्याचदा टिकून असते. माझे एक आजोबा सकाळी काय खाल्लं ते सांगू शकत नाहीत, पण बचाता लागला की चौथ्या ठोक्याला कंबर बरोबर हलते. बाराव्या मिनिटाला दमून खुर्चीत बसतात आणि बसल्या बसल्या पायाने ठेका चालूच.

मग मोबाइल टाकून द्यायचा का? अजिबात नाही. फक्त निरोप योग्य हातात जायला हवा. कन्सास विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या हाइमे पेरालेस-पुचाल्ट यांच्या गटाने 'कुइदाटेक्स्ट' तयार केलं. त्यात साधे एसएमएस येतात, स्पॅनिश किंवा इंग्रजीत, आणि ते येतात सांभाळणाऱ्या लेकी-सुनेला. पासवर्ड नाही, महागडा फोन नाही. अडलं तर पलीकडे माणूस असतो. स्वस्त इंटरनेटची अमेरिकेच्या केंद्र सरकारची मोठी योजना २०२४मध्ये पैसे संपून बंद पडल्यावर माझ्या कितीतरी घरांत डेटा जपून वापरतात. तिथे एसएमएस पोचतो, व्हिडिओचं ॲप पोचत नाही.

मी स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवरच भागवते. नातीच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून घेते: 'आजी, बूट घाला, मी खाली आलेय.' नात खरोखर खाली आलेली असते. आजी बूट घालतात.

इथल्या मराठी मंडळींनाही सांगते, कारण आपल्यातले कितीतरी जण पुण्या-नाशिकातल्या आई-बाबांच्या हातात घड्याळ बांधून आलेत आणि इथे बसून त्यांची पावलं बघतात. भारतात साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. बाबांना विसर पडायला लागला असेल तर तो आलेख त्यांना बाहेर काढणार नाही. शेजारच्या काकांना किंवा कामाच्या मावशींना रीतसर पैसे देऊन रोज ठरलेल्या वेळी त्यांच्याबरोबर पाठवा. तुम्ही त्याच वेळी फोन करा आणि चपला पायात जाईपर्यंत फोन ठेवू नका.

इथे मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, जुलै २०२४पासून 'गाइड' नावाचा प्रयोग सुरू केलाय. त्यात डिमेन्शियाच्या पेशंटबरोबर त्याला सांभाळणाऱ्या घरच्यांनाही मदत मिळते, मार्ग दाखवणारं एक ठरलेलं माणूस मिळतं. माझी मागणी तिथेच आहे. त्या माणसाला स्पॅनिश येत असावं, त्याच्या हातात साधे एसएमएस पाठवायची सोय असावी आणि लिटल व्हिलेजमधल्या नाचाच्या वर्गाचा खर्च त्याच पैशांतून निघावा. पुढचं ॲप मंजूर करण्याआधी त्या वर्गाच्या शिक्षकाचा पगार मंजूर करा.